ग्राफिक्स टॅब्लेटच्या पेनाने तासाभरात बोटं दुखतात. हाताला सोसेल असं पेन कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की टॅब्लेट घेऊन दोन महिने झाले, चित्रं बरी जमतायत, पण तासाभरात अंगठ्याचं मूळ आणि मधलं बोट भरून येतं. पेन बारीक आहे, घामाने सटकतं. तेव्हा चांगलं स्टायलस सुचवा.

मी अमळनेरला बॅनर, लग्नपत्रिका, केळीच्या खोक्यांवरची चित्रं असली कामं करते. श्रावणात कानबाईच्या उत्सवाचे बॅनर आले की रात्रीचे अकरा वाजतात. नऊ वर्षं झाली, दिवसाचे सात-आठ तास पेन हातात असतं. तुमचं दुखणं माझ्या ओळखीचं आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

सगळ्यात आधी एक कडू गोष्ट. तुमच्या टॅब्लेटला सोडून नुसतं 'चांगलं पेन' अशी वस्तू जवळपास नसतेच. टॅब्लेटच्या पाटीखाली बारीक तारांची जाळी असते, तिच्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पेनात एक छोटी गुंडाळी आणि कपॅसिटर असतो. तो त्या क्षेत्रात जागा होतो आणि उलट सिग्नल देतो. म्हणून हल्लीच्या अशा बहुतेक पेनांना सेल लागत नाही. पण हा सूर प्रत्येक कंपनीने आपापला लावलेला असतो, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचाही कित्येकदा वेगळा असतो. वाकॉम कंपनीच्या साध्या इंटुओस टॅब्लेटचं पेन तिच्याच इंटुओस प्रोवर चालत नाही. हुइऑन या दुसऱ्या कंपनीचं पेन वाकॉमवर चालायचा प्रश्नच नाही. ॲपल पेन्सिल फक्त आयपॅडला. अपवाद थोडे आहेत: सॅमसंगच्या एस-पेनवाल्या टॅबवर आणि २०२० सालच्या वाकॉम वन या स्क्रीनवाल्या टॅब्लेटवर स्टेडलरची पेन्सिलीसारखी दिसणारी नोरिस डिजिटल चालते. तुमचा टॅब्लेट त्यांत नसेल तर त्याच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी सांगितलेली एक-दोन पेनं, एवढीच तुमची निवड.

हे मी पैसे घालवून शिकले. सुरुवातीला ऑनलाइन 'युनिव्हर्सल स्टायलस' म्हणून एक मागवलं. टोकाला पारदर्शक चकती, दिसायला झकपक. ते निघालं मोबाइलच्या काचेसाठी. माझ्या टॅब्लेटला त्याचा पत्ताच लागेना. दुसऱ्यांदा आपल्याच कंपनीचं, पण भलत्या मॉडेलचं पेन घेतलं. कर्सर हलला नाही तो नाहीच. ते अजून खणात पडून आहे, भाची खेळते त्याच्याशी.

म्हणून तुम्हाला पेन सुचवण्याआधी आहे ते पेन हाताला बसवून बघा, असंच म्हणेन. माझ्या अनुभवात दुखण्याचा मोठा भाग तीन गोष्टींतून येतो: पेनाची जाडी, किती जोर लावावा लागतो, आणि टोक किती घसरतं. तिन्ही घरच्या घरी बदलता येतात.

माझे वडील, आप्पा, पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, निवडणुकीच्या भिंती. त्यांच्या ब्रशांच्या दांड्या मला लहानपणी घाणेरड्या वाटायच्या, कारण प्रत्येक दांडीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असायची, रंगाने काळी-तांबडी झालेली. मी टॅब्लेट घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मधल्या बोटावर घट्टा पडला. आप्पा मागे उभं राहून बघत होते. म्हणाले, "इतलं काबर दाबस?" मी म्हटलं, दाबलं नाही तर सटकतं. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी माझ्या पेनावर ट्यूबची पट्टी चढलेली होती.

बारीक पेन बोटांत फिरू नये म्हणून आपण ते नकळत आवळतो, आणि दुखतं ते या आवळण्याने. साधी लाकडी पेन्सिल सात मिलिमीटरच्या आसपास जाड असते. ॲपल पेन्सिलची दुसरी पिढी ८.९ मिलिमीटर जाड आणि २०.७ ग्रॅम वजनाची आहे. पेन्सिलीने शाळेची वही लिहिणं वेगळं आणि दिवसभर चित्र काढणं वेगळं. माझ्या हाताला तेरा-चौदा मिलिमीटर जाडी बसते, म्हणजे साधारण मार्कर पेनाएवढी. तुमचा हात लहान असेल तर कमी लागेल.

पट्टी अशी बांधा. ट्यूब आतून पावडर लावलेली असते, ती आधी साबणाने धुवा, नाहीतर पट्टी बसत नाही. बोटाच्या पेराएवढी रुंद, वीतभर लांब पट्टी कापा. निबपासून, म्हणजे पेनाच्या टोकापासून, दोन बोटं जागा मोकळी ठेवून सुरू करा आणि तिरकी गुंडाळत वर या, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत. ट्यूब जरा ताणून गुंडाळली की ती आपोआप घट्ट बसते, फक्त शेवटी चिकटपट्टीचा एक वेढा. बाजूच्या बटणावर वेढा आला तर बटण सतत दाबलं जाईल आणि चित्राच्या मध्येच उजव्या क्लिकचा मेनू उघडेल. ते बटण ड्रायव्हरमध्ये (टॅब्लेटसाठी कॉम्प्युटरवर टाकतो तो कंपनीचा प्रोग्रॅम) बंद करून टाका, मी कधीच केलंय. एकच पथ्य: तांब्याची तार, ॲल्युमिनियमची फॉइल, धातूचं काहीही गुंडाळायचं नाही, वर सांगितलेल्या त्या चुंबकीय खेळात व्यत्यय येतो. आणि पट्टी बांधलेलं पेन डब्यातल्या स्टँडच्या भोकात जात नाही. मी चहाचा कप वापरते.

ट्यूब नको असेल तर शाळेच्या पेन्सिलीला लावतात ती रबरी किंवा स्पंजची ग्रिप चढवून बघा, स्टेशनरीत मिळते. बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिपही छान बसते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा ट्यूब हाताला चिकटते आणि वास मारते. त्या दिवसांत मी मेडिकलमधली स्वतःलाच चिकटणारी कापडी पट्टी वापरते. घाम शोषते, मळली की फेकून दुसरी. काही पेनांची मूळची रबरी पकड उन्हाळे खाऊन खाऊन चिपचिपी होते. माझ्या एका पेनाची झाली होती, पत्र्याच्या छपराखाली राहून. कापडावर थोडं स्पिरिट घेऊन पुसलं की बरीचशी सुटते, नाहीतर वरून पट्टी आहेच.

तळहाताचा घाम ही वेगळी भानगड. करंगळी आणि अनामिका झाकणारा दोन बोटांचा हातमोजा मिळतो. हात पाटीवरून अडखळत नाही, म्हणून खांदा मोकळा राहतो. मी पहिला हातमोजा जुन्या सुती मोज्यातून कापला होता, दिसायला भिकार पण कामाला चोख.

आता जोर. डब्यावर मोठ्या अक्षरात ८१९२ लिहिलेलं असतं, हल्ली १६३८४ सुद्धा. ही दाबाच्या पायऱ्यांची संख्या आहे. तिचा आणि हाताच्या आरामाचा संबंध फार थोडा. माझं पहिलं बरं पेन २०४८ चं होतं आणि त्यावर कित्येक वर्षं पोट भरलं. बघायचं ते असं की अगदी हलक्या स्पर्शाला रेघ उमटते का. उमटत नसेल तर ड्रायव्हर उघडा. वाकॉममध्ये टोकाच्या स्पर्शाची पट्टी सरकवता येते, 'सॉफ्ट'कडे न्या. हुइऑन आणि एक्सपी-पेन या कंपन्यांच्या ड्रायव्हरमध्ये प्रेशरची वक्ररेषा असते, तिचा मधला भाग वर उचला, म्हणजे कमी दाबात जाड रेघ येईल. क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरत असाल (फुकट आहे, आणि चांगलं आहे) तर त्याच्या सेटिंगमध्येही टॅब्लेटच्या भागात अशीच वक्ररेषा मिळते. दोन्हीकडे एकदम खेळू नका, मग कुठे काय बिघडलं ते कळत नाही. सेटिंग बदलल्यावर दोन दिवस रेघा फार जाड येतील, तुम्ही वैतागाल. परत जुन्यावर जाऊ नका. हाताची दाबायची सवय सुटायला तेवढे दिवस लागतात.

रेघ थरथरते म्हणून तुम्ही दाबत असाल, तर क्रिटात फ्रीहँड ब्रशला स्टॅबिलायझर, म्हणजे रेघेची थरथर काढणारी सोय आहे, तो थोडा लावा. फार लावला तर रेघ मागून ओढत आल्यासारखी येते.

तिसरी गोष्ट टोकाची. नव्या टॅब्लेटची पाटी कित्येकदा गुळगुळीत असते आणि प्लॅस्टिकची निब तिच्यावर तेल लावल्यासारखी पळते. पळणारं टोक आवरायला आपण पुन्हा आवळतो. तुमचा टॅब्लेट स्क्रीनचा नसेल, नुसती काळी पाटी असेल, तर एक काम आजच करा: ड्रॉइंगशीटचा तुकडा पाटीच्या मापाने कापून चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा. पेनाला कागदाची अडचण होत नाही, तो सिग्नल कागदातून आरामात जातो. पहिल्यांदा लावला तेव्हा निब कागदावर खरखरली आणि माझी पकड आपोआप सैल झाली. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतला कागद आठवला. कागद महिन्याभरात मळतो, बदलायचा. निब मात्र लवकर झिजते, हा सौदा आहे. फेल्टची निब घेतली तर पकड आणखी छान, पण ती त्याहून लवकर संपते.

झिजलेल्या निबकडे लक्ष ठेवा. ती एका बाजूने तिरकी झिजते, छिन्नीसारखी धार येते, आणि ती धार पाटीवर ओरखडे पाडते. मिलिमीटरभर उरली की काढून टाकायची. बऱ्याच टॅब्लेटांसोबत जास्तीच्या निबा येतात. साध्या इंटुओसच्या पेनाचं मागचं टोक फिरवून उघडलं तर आतच सापडतात. कित्येकांना हे ठाऊकच नसतं आणि ते विकत मागवतात.

एवढं करूनही नवीनच घ्यायचं ठरलं, तर पेन पाहून टॅब्लेट घ्या, टॅब्लेट पाहून पेन नव्हे. सेल घालायचं पेन असेल तर नको. माझ्या पहिल्या टॅब्लेटच्या पेनात पेन्सिल सेल होता, सगळं वजन मागच्या टोकाला, आणि ते टोक बोटांना मागे ओढायचं. हुइऑनचं पीडब्ल्यू-१०० हे सडपातळ पेन आहे, पीडब्ल्यू-५१७ ला रबरी पकड आहे. मला दुसरं बरं वाटतं. वाकॉमचं प्रो पेन २ पकडीपाशी फुगीर आहे. २०२२ मध्ये आलेल्या प्रो पेन ३ ची पकड आणि बटणाची पट्टी बदलता येते, आत वजन घालून तोलही मागेपुढे करता येतो. कागदावर बघता तुमच्या तक्रारीवरचं अगदी नेमकं औषध, पण ते चालतं ते वरच्या किमतीच्या टॅब्लेटांना. दुकानात जाऊन हातात धरून बघायची सोय आपल्याकडे जळगाव-धुळ्यातही फारशी नाही. ओळखीत कोणी ऑनलाइन शिकवण्या घेणारे असतील तर त्यांच्याकडे टॅब्लेट असतोच, अर्धा तास मागून बसा. अर्ध्या तासात हात सांगतो.

आणखी एक, जे पेनाचं नाहीच. आप्पा भिंतीवर अक्षर काढायचे तेव्हा डाव्या हातात एक काठी असायची, तिच्यावर उजवं मनगट टेकलेलं, आणि हात हलायचा तो खांद्यापासून. टॅब्लेटवर आपण सगळी चित्रं मनगटातून काढतो. लांब रेघ कोपरातून ओढायचा सराव करा, आणि ड्रायव्हरमध्ये टॅब्लेटची लांबी-रुंदी स्क्रीनच्या प्रमाणात लॉक करा. नाहीतर गोल काढायला गेलं की लंबगोल येतो, आणि तो दुरुस्त करण्यात मनगट झिजतं.

रात्री झोपेत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, मुंग्या येत असतील, तर मात्र पट्ट्या बांधत बसू नका. ती मनगटातून जाणारी नस दबल्याची खूण असू शकते. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मी सहा महिने अंगावर काढलं आणि मग तीन आठवडे मनगटाला स्प्लिंट बांधून झोपत होते, ऐन लग्नसराईत.

तुम्ही टॅब्लेटचं नाव लिहिलेलं नाही. पाटी उलटी करा, मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, सीटीएल किंवा एच असं काहीतरी सुरू होणारा. तो कळवा, म्हणजे त्याला दुसरं कोणतं पेन चालतं का ते सांगते.