वायफाय जोडले जाते, पण पत्ता मिळत नाही

प्रश्न : आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या तीन इमारती आहेत. प्रत्येक इमारतीचे सबनेट (नेटवर्कचा स्वतंत्र पत्तेगट) वेगळे असून वायफायचे नाव मात्र सगळीकडे एकच ठेवले आहे. दुपारचे सत्र सुरू झाले की अनेक मुलांच्या लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो आणि इंटरनेट चालत नाही. शिवाय एका इमारतीतून दुसरीत गेल्यावर वायफायची खूण पूर्ण दिसते, पण काहीच उघडत नाही. वायफाय बंद करून पुन्हा सुरू केले की चालते. प्रत्येक इमारतीत स्वतंत्र डीएचसीपी सर्व्हर (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारा सर्व्हर) बसवावा का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : स्वतंत्र सर्व्हर बसवू नयेत. एक सर्व्हर तिन्ही सबनेटना पुरेसा आहे आणि आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ सर्व्हरच्या संख्येत नाही.

पत्ता मागणारे उपकरण आपली मागणी आपल्या सबनेटमधील सर्वांना ऐकू जाईल अशी पाठवते आणि राउटर ती पलीकडे जाऊ देत नाही. म्हणून प्रत्येक सबनेटच्या राउटरवर किंवा लेयर ३ स्विचवर (राउटरप्रमाणे सबनेट एकमेकांना जोडणाऱ्या स्विचवर) डीएचसीपी रिले चालू करावा लागतो. हा रिले मागणीवर त्या सबनेटमधील स्वतःचा पत्ता लिहून ती सर्व्हरकडे धाडतो आणि तो पत्ता पाहूनच सर्व्हर योग्य संचातील आयपी देतो. कोणत्या सबनेटमधील पत्ता द्यायचा हे, थोडक्यात, मागणी कोणत्या दारातून आली यावर ठरते. आपल्याकडे सकाळच्या मुलांना पत्ते नीट मिळतात, त्याअर्थी रिलेची मांडणी बरोबर आहे.

मग दुपारी काय बिघडते? १६९.२५४ चा पत्ता कोणत्याही सर्व्हरने दिलेला नसतो. सर्व्हरकडून उत्तर न आल्यावर लॅपटॉप तो स्वतःच घेतो. आपल्या वर्णनावरून पत्त्यांचा संच संपत असावा. /२४ सबनेटमध्ये (पत्त्याचे पहिले २४ बिट समान असलेल्या गटात) वापरता येण्याजोगे पत्ते २५४, त्यातून राउटर, स्विच आणि प्रिंटर वजा होतात. सकाळचा विद्यार्थी घरी गेला तरी त्याचा मोबाईल पत्ता परत करत नाही. लीजची, म्हणजे पत्ता वापरायला दिल्याची, मुदत संपेपर्यंत तो अडकून राहतो. विंडोज सर्व्हरवर ही मुदत मूळची ८ दिवसांची असते, म्हणजे सोमवारी एकदाच येऊन गेलेला पाहुणाही पुढच्या मंगळवारपर्यंत जागा अडवतो. दुपारी सव्वाबारा वाजता सर्व्हरवरील लीजची यादी उघडून पाहावी. मोकळा पत्ता एकही उरला नसेल, तर निदान पक्के झाले.

मुदत २ तासांवर आणावी, मात्र तेवढ्याने भागणार नाही. उपकरण निम्मी मुदत उलटली की नूतनीकरण मागते, त्यामुळे ११.३० ला निघालेल्या विद्यार्थ्याचा पत्ता १२.३० ते १.३० च्या दरम्यान मोकळा होईल आणि दुपारचे सत्र तर त्याआधीच भरलेले असेल. दोन्ही सत्रांची उपकरणे एकाच वेळी मावतील एवढा संच हवाच.

दुसऱ्या तक्रारीचे कारण निराळे आहे. वायफायचे नाव तेच असल्यामुळे नेटवर्क बदलले हे उपकरणाला कळत नाही. काही उपकरणे नव्या ॲक्सेस पॉइंटला (वायफाय पुरवणाऱ्या यंत्राला) जोडताना जुन्या पत्त्याची खातरजमा करून घेतात, पण सगळी तसे करत नाहीत. ती जुना पत्ता आणि जुना गेटवे (सबनेटबाहेर जाण्याचे दार असलेल्या राउटरचा पत्ता) घेऊन नव्या सबनेटमध्ये येतात आणि तिथे तो गेटवे नसतोच.

दोन्ही तक्रारींवर माझा एकच सल्ला आहे. तारेवरील संगणकांची सबनेट इमारतींप्रमाणे राहू द्यावीत, पण विद्यार्थ्यांच्या वायफायसाठी तिन्ही इमारतींत एकच व्हीलॅन (त्याच तारांवरून चालणारे पण वेगळे ठेवलेले नेटवर्क) फिरवावे आणि त्याला १०.२०.०.०/२२ सारखे सबनेट द्यावे. त्याचा मास्क (सबनेटचा आकार सांगणारा आकडा) २५५.२५५.२५२.० असून १०.२०.०.१ ते १०.२०.३.२५४ असे १०२२ पत्ते मिळतात. इमारतींना जोडणाऱ्या ट्रंक पोर्टवर (अनेक व्हीलॅन एकत्र वाहून नेणाऱ्या पोर्टवर) हे व्हीलॅन जोडायला विसरू नये. एका इमारतीत पत्ता मिळतो आणि दुसरीत मिळत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. ॲक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशन (वायफायवरील उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारी सोय) चालू ठेवावे, म्हणजे एवढ्या मोठ्या सबनेटमधील उपकरणांची आपसातील वर्दळ हवेत कमी राहील. कार्यालय आणि शिक्षकांसाठी वायफायचे नाव, व्हीलॅन आणि सबनेट तिन्ही वेगळी असावीत.

मॅक पत्त्यावरून (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकावरून) आयपी पत्ता राखून ठेवण्याची सोय प्रिंटर आणि कॅमेऱ्यांपुरतीच वापरावी. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाईल प्रत्येक वायफाय नावासाठी वेगळा, बनवलेला मॅक पत्ता दाखवतात, त्यामुळे दोन नावांना जोडलेला एकच मोबाईल सर्व्हरच्या यादीत दोनदा दिसतो.

आणखी एक दक्षता घ्यावी. एका वसतिगृहात कोणीतरी घरचा वायफाय राउटर भिंतीवरील सॉकेटला लॅन पोर्टने जोडला आणि तो अख्ख्या मजल्याला १९२.१६८.०.० मधील पत्ते वाटू लागला. दोष शोधण्यात माझे दोन दिवस गेले. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (पत्ते वाटणाऱ्या उत्तरांवर पहारा ठेवणारी सोय) चालू करून फक्त सर्व्हरकडे जाणारे पोर्ट विश्वसनीय ठरवले, तर इतर पोर्टवरून येणारी अशी उत्तरे तिथेच अडवली जातात.