वाचकांचे प्रश्न : कृती संशोधनात आधी काय मोजायचं?

कृती संशोधन म्हणजे आपल्याच कामातल्या अडचणीवर एखादा बदल करून पाहायचा आणि त्याचा परिणाम आपणच मोजायचा. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. शाळांची पत्रं सर्वांत जास्त आहेत, आणि ते साहजिकच आहे; बी.एड., डी.एड. करताना प्रत्येकाने एक तरी कृती संशोधन लिहिलेलं असतं. खरं केलेलं असतंच असं नाही.

चौथीच्या वर्गात २६ मुलं आहेत. हातच्याची वजाबाकी निम्म्यांना येत नाही. पूर्व चाचणी, सहा आठवडे काड्यांचे गठ्ठे वापरून सराव, मग उत्तर चाचणी असा आराखडा केला. केंद्रप्रमुख विचारतात, नियंत्रित गट, म्हणजे तुलनेसाठी नव्या पद्धतीबाहेर ठेवलेली मुलं, कुठे आहे? म्हणजे १३ मुलांना मुद्दाम शिकवायचंच नाही का?
— प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

असं मुळीच करू नका. ‘ही पद्धत कुठल्याही शाळेत चालेल’ असं म्हणायचं असेल, तर नियंत्रित गट हवा. तुमचं म्हणणं तुमच्या वर्गापुरतं आहे. तरीही केंद्रप्रमुखांच्या शंकेत तथ्य आहे: सहा आठवड्यांत मुलं तशीही थोडी पुढे जातात, मग सुधारणा काड्यांमुळे झाली हे कशावरून? यावर साधा उपाय म्हणजे पूर्व चाचणी दोनदा घ्या, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या आणि त्या काळात नेहमीसारखंच शिकवा. दोन्ही वेळा आकडा तिथंच राहिला आणि नंतर हलला, तर तुमच्या म्हणण्याला वजन येतं. उत्तर चाचणीत गणितांचे प्रकार तेच ठेवा, संख्या मात्र बदला. तीच प्रश्नपत्रिका दिली तर मुलांना उत्तरं आठवतात.

खरी गोम चाचणीच्या गणितांत असते. ५२ वजा २७ हे गणित बहुतेक चाचण्यांत सापडतं. बरोबर उत्तर २५. मुलं ३५ लिहितात. पण ३५ दोन वेगळ्या वाटांनी येतं. एक मूल मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. दुसरं मूल दशक सोडवतं, बारातून सात वजा करतं, पण पाचाचे चार करायला विसरतं. चूक वेगळी, इलाज वेगळा आणि वहीत उत्तर एकच! एककांतला फरक नेमका ५ असला की असं होतं. म्हणून ५३ वजा २७ घ्या. पहिल्या चुकीचं उत्तर ३४ येईल, दुसऱ्या चुकीचं ३६. कुठलं मूल कुठे अडलंय ते उत्तरावरूनच कळेल.

दहा गणितं पुरेत: दोन बिनहातच्याची, चार एककात हातचा लागणारी, दोन दोन्ही घरांत लागणारी आणि दोन मधे शून्य असलेली, उदाहरणार्थ ४०२ वजा १७८. इथे ३७६ आलं तर ती पहिलीच चूक समजा. गुणांची बेरीज करून ‘४२ टक्क्यांवरून ७१ टक्के’ एवढंच लिहिलं, तर हे सगळं हातचं जातं. मुलांची नावं उभी, चुकीचे प्रकार आडवे असा तक्ता करा. चार-पाच मुलांना जवळ बसवून मोठ्याने बोलत गणित सोडवायला सांगा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपा.

काड्यांबद्दल एक सूचना. गठ्ठा एका तासिकेला आणि लेखी दुसऱ्या तासिकेला, असं केलं की मुलं काड्यांनी बरोबर करतात आणि वहीत पुन्हा तीच चूक करतात. गठ्ठ्याची रबर निघेल त्याच क्षणी पाटीवरच्या ५३ मधला पाच खोडला गेला पाहिजे.

आमच्या धर्मादाय रुग्णालयाच्या ओपीडीत रुग्णांना फार ताटकळावं लागतं. विश्वस्तांनी मला अभ्यास करायला सांगितलंय. पण मी वही घेऊन उभी राहिले की खिडकीवरची माणसं गप्प होतात.
— इनचार्ज सिस्टर, कोल्हापूर

गप्प होणारच. त्यांची रजा तुम्ही मंजूर करता, आणि आता त्यांची मिनिटंही तुम्हीच मोजताय. संस्थेतल्या माणसाने संस्थेतच संशोधन करायचं, तर ही दुहेरी भूमिका सुटत नाही. ती उघडपणे मान्य करून घ्यावी लागते. सुरुवात करण्याआधी विश्वस्तांकडून दोन ओळी लेखी घ्या: या नोंदींवरून कुणावरही कारवाई होणार नाही. तो कागद तिन्ही खिडक्यांवर लावा.

मग माणसं मोजू नका, केसपेपर मोजा. तो कागद रुग्णाबरोबर स्वतःच फिरतो. केसपेपर काढला ती वेळ, डॉक्टरांनी आत घेतलं ती वेळ आणि औषध मिळालं ती वेळ, अशा तीन नोंदी त्या-त्या जागेवरच्या माणसाने एका कोपऱ्यात करायच्या. भिंतीवरची घड्याळं एकमेकांशी क्वचितच जुळतात, म्हणून रोज सकाळी सगळी मोबाइलच्या वेळेशी जुळवा. दिवसाला २०० रुग्ण असतील तर दर दहावा केसपेपर घ्या. सहा दिवसांचे दोन आठवडे धरले तर २४० नोंदी होतात आणि बाजाराचा दिवसही दोनदा येतो. तक्त्यात रुग्णाचं नाव किंवा आजार उतरवू नका.

सरासरी काढू नका, मध्यक काढा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा. पाच जणांना २०, २५, ३०, ३५ आणि १४० मिनिटं लागली, तर सरासरी ५० येते आणि मध्यक ३०. एक्स-रेला गेलेल्या एकाच माणसामुळे सगळी ओपीडी बदनाम व्हायला नको. तो १४० वाला मात्र टाकून देऊ नका, त्याची वेगळी चौकशी करा.

आकडे विश्वस्तांच्या आधी खिडकीवरच्या माणसांना दाखवा आणि पहिला बदल त्यांनाच सुचवू द्या. ही नुसती भलेपणाची गोष्ट नव्हे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात हारवुड कंपनीच्या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात झालेला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. कामाची पद्धत बदलताना ज्या गटांना ठरवण्यात सामील केलं, ते लवकर सावरले; ज्यांना नुसता हुकूम मिळाला त्यांचं उत्पादन घसरलं आणि कुरबुरी वाढल्या.

बदल एका वेळी एकच करा. समजा, जुन्या रुग्णांचे केसपेपर आदल्या संध्याकाळी काढून ठेवायचं ठरलं. त्याच आठवड्यात टोकनही सुरू केलं, तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही. आणि केसपेपरवरच्या तिन्ही नोंदी चालू ठेवा. पहिली खिडकी मोकळी झाली की बऱ्याचदा तीच रांग औषधाच्या खिडकीपुढे जाऊन उभी राहते. रोज संध्याकाळी वहीत चार ओळी लिहा: काय ठरलं होतं, काय झालं, काय चुकलं, उद्या काय. ही वही नसेल तर अहवाल आठवणीवर लिहावा लागतो, आणि आठवण आपल्या बाजूनेच बोलते.

पतसंस्थेत हप्त्याच्या पाच दिवस आधी आठवणीचा फोन करायचा, असा प्रयोग तीन महिने केला. थकबाकी हलली नाही. आता अहवालात काय लिहू?
— वसुली अधिकारी, अहिल्यानगर जिल्हा

हेच लिहा. पण त्याआधी फोन खरंच झाले का ते पाहा. किती करायचे होते, किती लागले, किती जणांनी स्वतः उचलले आणि त्यातले पाच दिवस आधी किती झाले? पुष्कळदा कृती फसलेली नसते, झालेलीच नसते. दुसरं, कुठल्या तीन महिन्यांशी तुलना केलीत? उसाचं बिल येण्याआधीचे महिने आणि नंतरचे महिने शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. गेल्या वर्षीचे तेच महिने घ्या. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ साली कृती संशोधनाची पद्धत मांडली ती मुळातच फेऱ्यांची: ठरवा, करा, तपासा आणि तपासातून पुढची फेरी ठरवा. तुमची पहिली फेरी झालीय, इतकंच.

कारखान्यात असं काही आपल्याकडे कुणी केलंय का, की सगळं परदेशीच?
— एचआर विभाग, चाकण

अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली झालं. कामाच्या ठिकाणच्या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे सल्लागार होते. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, नवे स्वयंचलित माग आले होते. २२४ मागांवर २९ कामगार, आणि त्यांच्यात बारा प्रकारची कामं वाटलेली. प्रत्येकाचं काम हिशोबाने आखलेलं, पण अमुक माग अमक्यांच्या जबाबदारीचे असं काहीच नव्हतं. यंत्रं नवी असूनही उत्पादन अपेक्षेइतकं निघेना. ६४ मागांमागे सात जणांचा एक गट, ही कल्पना मांडल्यावर गट पाडायचं काम कामगार आणि मुकादमांनी स्वतःच उचललं.

टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर यांनी १९७० साली तिथे जाऊन पाहिलं, तेव्हा गटांची पद्धत एका ठिकाणी टिकलेली आणि इतरत्र मोडत गेलेली आढळली. तेव्हा आराखडा करतानाच वर्षभरानंतरच्या फेरमोजणीची तारीख आणि ती करणाऱ्याचं पद, दोन्ही लिहून ठेवा. तोवर तुमची बदली झालेली असू शकते.