शंका-समाधान: चवली आणि चवन्नी

प्रश्न: 'चवली-पावली' म्हणजे नेमके किती? हिंदीतली चवन्नी म्हणजेच चवली ना?

उत्तर: नाही, इथेच गफलत होते. चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची; म्हणजे चवन्नी ही आपली पावली. 'पावली'त पाव आहे, आणि पाव आला संस्कृत 'पाद'वरून: चौथा हिस्सा. आठ आणे ती अधेली.

जुना रुपया 16 आण्यांचा, आणा चार पैशांचा, पैसा तीन पैंचा. रुपयाच्या झाल्या 192 पै. 'पै न् पै' चुकती करणे म्हणजे हा शेवटचा 192वा भागसुद्धा न सोडणे!

1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 नवे पैसे झाले. आणा सव्वासहा पैशांचा, म्हणून सुटा आणा मोडला की सहाच पैसे हाती. तीन आणे एकदम मोडले तर 19, एकेक करून मोडले तर 18. चवली साडेबारावर अडली; पावलीचे मात्र बरोबर 25 होत, त्यामुळे 'चार आणे' हा शब्द टिकला. 25 पैशांचे नाणे 30 जून 2011 नंतर चलनातून गेले.

प्रश्न: 'दाम' फारसी का?

उत्तर: नाही. ग्रीक नाणे 'द्राख्मे', त्याचे 'द्रम्म', पुढे 'दाम'. शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत द्रम्म आढळतो.