मंडळाचं वार्तापत्र काढताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही मंडळांच्या छोट्या प्रकाशनांबद्दल प्रश्न मागवले होते. सगळ्यात जास्त पत्रं इंदूरहून आली. या वेळचं सदर त्यांच्यासाठीच ठेवलं आहे.

प्रश्न : आमचं मंडळ राजेंद्र नगरात आहे, दोनशेच्या आसपास कुटुंबं सभासद आहेत. दर दोन महिन्यांनी छापील वार्तापत्र काढायचं ठरलं आहे. किती पानं ठेवावीत, कागद कोणता घ्यावा आणि छापून कसं घ्यावं?

आठ पानांनी सुरुवात करा. ए-३ आकाराचा कागद मधोमध दुमडला की ए-४ ची चार पानं होतात, म्हणून पानांची संख्या नेहमी चारच्या पटीत ठेवावी लागते. चार पानांत अहवाल आणि सूचना टाकल्या की जागा संपते. बारा पानांचा मजकूर दर दोन महिन्यांनी जमवायचा तर तिसऱ्या अंकालाच दमछाक होते. आठ पानांना दोन कागद लागतात. २४० प्रती काढल्या तर ४८० कागद, म्हणजे ५०० च्या एका रीममध्ये काम होतं आणि वाया जाणाऱ्या कागदांसाठी २० हाताशी उरतात.

कागद ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे छपाईचा साधा, चकाकी नसलेला कागद घ्या. ६० चा घेतला तर मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतात. ८० चा हाताला छान लागतो, पण टपालात नडतो. ए-३ चे दोन कागद ७० जीएसएममध्ये साधारण साडेसतरा ग्रॅम भरतात, ८० मध्ये जवळपास २०. साध्या पत्राच्या टपालदराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे, त्यामुळे ७० चा अंक पाकिटात न घालता दुमडून वर पत्त्याची पट्टी चिकटवली तर तो त्या टप्प्यात बसतो. वजन मात्र पोस्टाच्या काट्यावर एकदा करून घ्या.

इतक्या प्रतींना ऑफसेट परवडत नाही. ए-३ च्या दोन कागदांच्या चार बाजू, म्हणजे चार प्लेटा, आणि तो खर्च दोनशे प्रतींवर चढतो. एका रंगात रिसोग्राफवर (स्टेन्सिलने भराभर प्रती काढणारी मशीन) काढा. फक्त रिसोला आर्ट पेपर देऊ नका. तिची तेलकट शाई मॅपलिथोत मुरते, पण गुळगुळीत कागदावर वाळत नाही, बोटांना लागते आणि समोरच्या पानावर उमटते. पाचशेच्या पुढे गेलात की ऑफसेटचा भाव विचारा.

छापताना पानांची जोडी अशी लागते: पहिल्या कागदाच्या बाहेरच्या बाजूला ८ आणि १, आतल्या बाजूला २ आणि ७, दुसऱ्या कागदाच्या एका बाजूला ६ आणि ३, दुसऱ्या बाजूला ४ आणि ५. प्रत्येक जोडीची बेरीज ९ येते. कोऱ्या कागदाचे दोन ताव दुमडून, त्यावर पेनाने पान क्रमांक घालून तो नमुना प्रेसला द्या. तोंडी सांगण्यात चूक होते, नमुन्यात होत नाही.

प्रश्न : मजकूर आम्ही फोनवर टाइप करून व्हॉट्सॲपने प्रेसला पाठवतो. प्रूफ येतं तेव्हा जोडाक्षरं मोडलेली असतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो, ल आणि श हिंदी पुस्तकासारखे दिसतात. प्रेसवाले म्हणतात, मजकूर नीट पाठवा. चूक नक्की कुणाची? (लोकमान्य नगर)

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे आणि आमच्या मते सगळ्या खटाटोपाचं मूळ इथेच आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

फोनवर तुम्ही टाइप करता ते युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. इंदुरातल्या बऱ्याच प्रेसमध्ये आजही कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टवर काम चालतं. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, त्यांच्यावर चित्र तेवढं देवनागरीचं असतं. म्हणून तुमचा मजकूर त्यात आणायला रूपांतर करावं लागतं, आणि मोडतोड होते ती तिथे. युनिकोडमध्ये ‘नि’ लिहिताना आधी न येतो, मग वेलांटी. कृतिदेवमध्ये वेलांटी आधी. रफाराचं याच्या उलट: युनिकोडमध्ये तो अक्षराच्या आधी लिहिला जातो, कृतिदेवमध्ये नंतर. रूपांतर करणारं साधन याच दोन जागी घसरतं आणि ‘निर्मिती’चं ‘निमिर्ती’ होतं. प्रूफ हाती आलं की वेलांटी आणि रफार एकत्र असलेले शब्द आधी तपासा. ते बरोबर असतील तर बाकीचं बहुधा ठीक असतं.

यावर उपाय एकच: रूपांतर होऊच द्यायचं नाही. प्रेसमध्ये पानं लावायला पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर असेल तर त्याला युनिकोड कळत नाही, तिथे आग्रह धरून उपयोग नाही. इनडिझाइन हे नवं सॉफ्टवेअर असेल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायला सांगा. तो निवडला नाही तर चांगल्या युनिकोड फॉन्टमध्येही जोडाक्षरं सुटी पडतात.

आमचा खरा सल्ला असा की पानं मंडळानेच लावावीत आणि प्रेसला तयार पीडीएफ द्यावी. लिब्रेऑफिस रायटर हे लिहिण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि आठ पानांना पुरेसं आहे. त्याच्या भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा आणि तिथली भाषा मराठी ठेवा. तुमच्या ल आणि श चं कोडं इथे सुटतं. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहायचा, हे महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयातही आहे. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही रूपं असतात, कोणतं दाखवायचं ते मजकुराच्या भाषेवर ठरतं. हिंदी कीबोर्डवर टाइप केलेल्या मजकुराला ‘हिंदी’ अशी खूण लागलेली असू शकते, म्हणून शेवटी सगळा मजकूर निवडून भाषा पुन्हा मराठी करा. एवढी कटकट नको असेल तर टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घ्या. तो मराठीसाठीच केलेला आहे.

पीडीएफ झाली की तिच्या माहितीच्या चौकटीत फॉन्टची यादी उघडून प्रत्येक फॉन्ट फाइलमध्ये समाविष्ट झाला आहे का ते पाहा. आणि प्रेसला एक गोष्ट नक्की सांगा: ही फाइल कोरलड्रॉ या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘टेक्स्ट’ म्हणून उघडायची नाही. उघडावीच लागली तर ‘कर्व्ह’ म्हणून, म्हणजे अक्षरांच्या जागी त्यांचे आकार येतात. नाहीतर इतकं करूनही अक्षरं तिथे पुन्हा फुटतात.

प्रश्न : ‘दऱ्या’ लिहायला गेलं की ‘दर्या’ होतं. ‘ऱ्य’ टाइप कसा करायचा?

इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर जे या कळीवर र आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ येतो. त्याला हलन्त आणि य जोडा. ळ साठी शिफ्ट धरून एन. फोनवर ऱ सापडत नसेल तर ‘दऱ्या’, ‘साताऱ्याच्या’, ‘तुऱ्याचा’ असे शब्द एकदा कुठूनतरी कॉपी करून शब्दकोशात साठवून ठेवा.

प्रश्न : प्रूफ कोणी तपासावं? आमच्याकडे सगळ्यांचं शिक्षण हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात झालं आहे. शिवाय लेखक इंदोरी मराठीत लिहितात, ते सुधारायचं का? (सुदामा नगर)

दोघांनी, वेगवेगळ्या दिवशी, आणि कागदावर. पडद्यावर वेलांटी निसटते. ज्याने लेख टाइप केला त्याने तोच लेख तपासू नये. त्याला पानावर जे आहे ते दिसत नाही, मनात जे होतं ते दिसतं.

हिंदीच्या सवयीने होणाऱ्या चुका ठरलेल्या असतात, त्यामुळे त्या पकडता येतात. शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ: कवी, गुरू, रुची. पण समासात मूळ ऱ्हस्व परत येतो: कविसंमेलन, गुरुपौर्णिमा. ‘आणि’ मात्र ऱ्हस्वच. हिंदी कीबोर्ड ‘गाडी’ची ‘गाड़ी’ करतो. मराठीत नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) नाही, तो शोधून काढून टाका. शोधताना दोनदा शोधा, कारण नुक्ता कधी वेगळ्या चिन्हाने जोडलेला असतो आणि कधी ड़ हे अख्खं अक्षर एकाच चिन्हाचं असतं. एकाचा शोध घेतला म्हणजे दुसरं सापडेलच असं नाही. दंड (।) असतील तिथे पूर्णविराम करा, तेही शोध-बदल वापरून एका फटक्यात होतं.

बोलीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. शुद्धलेखन सुधारा, बोलणं सुधारू नका. आजीने माळव्यातल्या स्वयंपाकघराची आठवण लिहिली असेल आणि त्यात कुणी ‘करून राहिलोय’ म्हणत असेल, तर ते तसंच राहू द्या. सूचना, अहवाल आणि हिशेब मात्र प्रमाण मराठीत हवेत, कारण तिथे अर्थाचा घोळ परवडत नाही.

इतिहासावरचे लेख दुसऱ्या दृष्टीनेही तपासा. अहिल्याबाईंवर दरवर्षी लेख येतो आणि त्यात ‘इंदूरच्या राजवाड्यातून राज्य केलं’ असं वाक्य हमखास असतं. त्यांची राजधानी महेश्वर होती. जन्म ३१ मे १७२५, चौंडी. निधन १३ ऑगस्ट १७९५, महेश्वर. तारखा आणि जागा लेखकाच्या भरवशावर सोडू नका.

प्रश्न : फोटो काळे का येतात?

तीन कारणं. पहिलं, रिसो आणि मॅपलिथो या जोडीत शाईचे ठिपके पसरतात, म्हणून पडद्यावर बरा दिसणारा फोटो कागदावर गडद होतो. करडा करून मधल्या छटा मुद्दाम उजळ करा, इतक्या की पडद्यावर थोडा फिकट वाटेल. दुसरं, रंगमंचावरच्या लाल-निळ्या उजेडातले चेहरे करडे केल्यावर मातीसारखे होतात. अशा कार्यक्रमाचा एक फोटो हॉलच्या साध्या दिव्यांत काढून ठेवा. तिसरं, फोटो लहान असतो. छपाईला इंचाला ३०० बिंदू धरतात. साडेआठ सेंटिमीटरच्या स्तंभात बसवायचा तर रुंदीला हजारएक बिंदू पुरतात, आणि व्हॉट्सॲपवर थेट आलेला फोटो बहुधा तेवढा असतो. स्क्रीनशॉट किंवा कापून पुढे पाठवलेला नसतो. त्यामुळे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

प्रश्न : जुन्या कवींच्या कविता छापायला परवानगी लागते का?

भारतात कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि ती वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. ग्वाल्हेरचे भा. रा. तांबे १९४१ मध्ये गेले, त्यांच्या कविता २००२ पासून मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी हवी. खाली कवीचं नाव दिलं म्हणजे परवानगी घेतली असं होत नाही. ‘व्हॉट्सॲपवरून साभार’ हा शेरा तर छापूच नका: मूळ लेखक सापडत नसेल तर मजकूर सोडून द्या आणि ती जागा सभासदाच्या लेखाला द्या. बारा पॉइंट अक्षर, सोळा पॉइंट ओळ आणि दोन स्तंभ असतील तर एका पानात साधारण ५०० शब्द बसतात. शीर्षक आणि एक फोटो धरला तर ३५० ते ४००. लेख मागताना हाच आकडा सांगा. ‘काहीतरी लिहून द्या’ म्हटलं की एक तर काहीच येत नाही किंवा दोन हजार शब्द येतात.

प्रश्न : सरकारी नोंदणी करावी लागते का?

१८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला नियतकालिक नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. त्यात नियतकालिकाच्या व्याख्येत सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य हा मुद्दा आहे. नगरपालिकेवर टीका, शहरातल्या घडामोडी, बाहेर विक्री असा बेत असेल तर आधी वकिलाला विचारा. अंक मंडळापुरता असला तरी शेवटच्या पानावर प्रकाशक, मुद्रक आणि छपाईचं ठिकाण द्या आणि ‘केवळ सभासदांसाठी’ असं लिहा.

प्रश्न : पुण्या-बंगळुरूला गेलेली मुलं अंक फोनवर मागतात. तीच पीडीएफ पाठवली तर ‘वाचता येत नाही’ म्हणतात. (रामबाग)

ए-४ चं दोन स्तंभांचं पान फोनच्या सातएक सेंटिमीटर रुंदीत आलं की बारा पॉइंटचं अक्षर चार पॉइंटचं होतं. मोठं करून वाचायचं तर प्रत्येक स्तंभाला वर-खाली सरकवत बसावं लागतं. फोनसाठी वेगळी फाइल करा: पान ९ बाय १६ सेंटिमीटर, एकच स्तंभ, अक्षर १४ पॉइंट, कडेला अर्धा सेंटिमीटर जागा. फोनवर ते जवळपास अकरा पॉइंटचं दिसतं. मजकुराला शैली लावून ठेवल्या असतील, म्हणजे शीर्षक, उपशीर्षक, मजकूर असं प्रत्येकाचं माप एका जागी ठरवलेलं असेल, तर हे काम एका संध्याकाळचं आहे. प्रत्येक परिच्छेदाचं माप हाताने बदललं असेल तर सगळं पुन्हा करावं लागतं. ओळी दोन्ही कडांना जुळवू नका, डावीकडून सोडा. अरुंद ओळीत मराठी शब्द तोडता येत नाहीत आणि मध्ये भोकं पडतात. फोटोंचा आकार कमी करून फाइल पाच एमबीच्या आत ठेवा, म्हणजे जुन्या फोनवरही उघडते.

आणि या फाइलमधून वाढदिवसांच्या यादीतली जन्मसालं, घरचे पत्ते आणि फोन क्रमांक काढून टाका. छापील अंक दोनशे घरांत राहतो, पीडीएफ कुठवर जाईल ते मंडळाच्या हातात नसतं. तारीख आणि महिना दिला की शुभेच्छा द्यायला पुरतो. लहान मुलांच्या फोटोखाली शाळेचं नाव नको, आणि फोटो टाकण्याआधी आई-वडिलांना विचारा. कार्यक्रमाच्या दिवशीच हजेरीच्या वहीत त्यासाठी एक रकाना ठेवला तर नंतर घरोघरी फोन करावे लागत नाहीत.