बीट कुणाची, ते आधी कळव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले आणि सोबतचे रॅप गाणे चार वेळा ऐकले. दुसऱ्या कडव्यात आईच्या शिलाई मशीनचा आवाज तू नुसत्या शब्दांतून काढला आहेस. ते कडवे पक्के आहे आणि ते तुलाही ठाऊक आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. मी अडकलो तो पत्रातल्या एका वाक्यापाशी: "काका, मी तीस वर्षे उशिरा जन्माला आले." पुण्याच्या कार्यक्रमानंतर कुणी ज्येष्ठ गृहस्थ तुला म्हणाले की खरे रॅप 1990 च्या दशकातच संपले, आता उरले आहे ते पुटपुटणे, ते बोलणे तू घरी घेऊन आलीस, आठवडाभर एक ओळ लिहिली नाहीस आणि माझ्याकडे "अस्सल" रेकॉर्डची यादी मागितलीस.

यादी देणार नाही. त्याऐवजी विचारतो: तू ज्या बीटवर, म्हणजे शब्दांखालच्या ज्या तयार ताल-संगीतावर, म्हटले आहेस, ती कुणाची? गाण्याखाली तुझे नाव आहे, गावाचे आहे, चित्र काढून देणाऱ्या मैत्रिणीचेही आहे. बीट करणाऱ्याचे नाव कुठेच नाही. "नव्वदीच्या धाटणीची, मोफत" असे लिहिले होते म्हणून उतरवून घेतली, असे तू सहज लिहून गेली आहेस. जुना काळ अस्सल होता म्हणून तुला तो हवा आहे ना? मग त्या काळातल्या चांगल्या माणसांकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट ही, की ज्याचे घेतले त्याचे नाव घ्यावे. आपल्याकडे गवई गुरूचे नाव उच्चारताना कानाच्या पाळीला हात लावतो. तेवढे तुझ्याकडून व्हायला हवे होते.

आता त्या गृहस्थांच्या सुवर्णयुगाकडे, अगदी त्याच्या मुळापासून, जरा जवळून पाहू. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या 1520 सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सभागृहात सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधी पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50 सेंट. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ होता, जमैकाहून आलेला, ज्याला जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखते. त्याने एक गोष्ट हेरली होती, ती अशी की गाण्यात गायक थांबतो आणि नुसते ढोल-ताशे उरतात, त्या काही सेकंदांसाठीच लोक नाचायला उतरतात. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. एकीवरचा तो तुकडा संपत आला की दुसरीवर तोच तुकडा पहिल्यापासून. काही सेकंदांची मिनिटे झाली. एवढ्यावर पुढचे सगळे उभे आहे. म्हणजे या कलेचा पायाच दुसऱ्याच्या रेकॉर्डवर आहे. घेण्यात लाज नाही, हे तिथेच ठरले.

आणि तोच हर्क रेकॉर्डवरचे कागदी लेबल पाण्यात भिजवून काढून टाकत असे, कारण रेकॉर्ड कोणती आहे हे प्रतिस्पर्ध्यांना कळू नये. तू हे मला तोंडावर फेकशील, म्हणून मीच सांगतो. माझे उत्तर असे की लपवणे वेगळे आणि आपले म्हणून मिरवणे वेगळे. ढोल मी वाजवले, असे हर्क कधी म्हणाला नाही. हे उत्तर मला स्वतःला पुरते पटते का? बहुतेक वेळा पटते.

पण 1979 चे काय? रॅपला ब्राँक्सबाहेर नेणारी पहिली मोठी रेकॉर्ड म्हणजे शुगरहिल गँगचे "रॅपर्स डिलाइट", सुमारे 14 मिनिटांचे. त्यात बिग बँक हँक जी कडवी म्हणतो, ती ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्सच्या एमसीच्या, म्हणजे माइकवर रॅप म्हणणाऱ्याच्या, वहीतली. हँकने ती इतकी जशीच्या तशी उचलली की कॅझ जिथे "कॅसानोव्हा" हे आपले टोपणनाव एकेका अक्षराने फोडून सांगतो, तो भागही हँक आपल्याच तोंडाने म्हणून गेला. दुसऱ्याचा अभंग आपला म्हणून गावा आणि शेवटी "तुका म्हणे" तसेच राहून जावे, तसे हे झाले. आपल्या कथेतल्या सालोमालोने निदान नाव तरी बदलले होते! गाण्याचा पाया ज्या "गुड टाइम्स" या आधीच्या गाण्यावर आहे, त्याच्या कर्त्यांनी कोर्टाचा धाक दाखवून आपली नावे लावून घेतली. कॅझचे नाव लागले नाही. तेव्हा सुवर्णयुगाच्या दारावरच चोरी आहे, हे त्या गृहस्थांना पुढच्या वेळी आदराने सांग. त्याच काळातल्या मुलांमध्ये दुसऱ्याच्या ओळी उचलणाऱ्याला "चावणारा" म्हणत आणि त्याहून मोठी शिवी नव्हती, हेही मात्र सांग.

हे सगळे मला पुस्तकातून कळले नाही. मी शिकायला न्यू जर्सीत गेलो तेव्हा रात्रपाळीला मॅनहॅटनमधल्या एका झेरॉक्सच्या दुकानात काम करीत असे. सोबतचा माणूस ब्राँक्सचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. गुरुवारी रात्री एक वाजता तो काउंटरवरचा रेडिओ 89.9 वर लावायचा. कोलंबिया विद्यापीठाच्या केंद्रावर स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो यांचा कार्यक्रम पहाटे पाचपर्यंत चाले आणि ज्यांची एकही रेकॉर्ड निघालेली नाही अशी पोरे तिथे येऊन म्हणत. आम्ही नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर ते उतरवून घेत असू. पंचेचाळीस मिनिटांनी खटका उडायचा, आणि तेव्हाच नेमके कुणी गिऱ्हाईक प्रबंधाच्या चार प्रती मागत उभे असायचे, त्यामुळे माझ्या बहुतेक कॅसेटमध्ये कुणाचे तरी उत्तम कडवे मध्येच तुटले आहे. मात्रा मोजायला त्याने शिकवले: कागदाच्या रिमवर बोट आपटत, सोळा ओळी, प्रत्येक ओळीला चार ठोके. राकिम हा रॅपर वेगळा का, हेही त्यानेच दाखवले. इतरांचे यमक ओळीच्या टोकाला पडते. राकिम ते ओळीच्या पोटात पेरतो, कारण तो सॅक्सोफोन वाजवणारा होता आणि श्वास कुठे तोडायचा हे त्याला वाद्याने शिकवले होते. सेजविक ॲव्हेन्यूच्या पार्टीला तू होतास का, असे मी एकदा विचारले. तो हसला. "मी होतो" म्हणणारे सगळे आले असते, तर ती इमारतच पडली असती, म्हणाला.

1996 मध्ये तिथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात मी रॅपवर लेख लिहिला. रिमवर मोजलेल्या सोळा ओळी, राकिमचा श्वास, हर्कच्या दोन रेकॉर्ड, सगळे त्यात होते. मंडळींनी पाठ थोपटली. अभ्यास केवढा, म्हणाली. त्या माणसाचे नाव मी लिहिले नव्हते. मराठी वाचकाला झेरॉक्सच्या दुकानातल्या माणसाचे नाव कळून काय उपयोग, असे मी स्वतःला सांगितले. शिवाय संपादकांनी शब्दमर्यादा घातली होती. मर्यादा होती, हे खरे आहे. पण दीड हजार शब्दांत दोन शब्दांना जागा होतीच. अंक मी त्याला दाखवला, तेव्हा त्याला मराठी वाचता येत नव्हते म्हणून त्याने आपले नाव कुठे आहे ते विचारले आणि मी एका परिच्छेदावर बोट ठेवले. तिथे राकिमचे नाव होते. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की लेख वाईट नव्हता आणि तो वाचून तिथल्या दोन-तीन मुलांनी माझ्याकडून कॅसेट नेल्या. पण ते बोट मला अजून दिसते. म्हणून तुझ्या गाण्याखाली एक नाव नाही एवढ्यावरून मी इतका का चिडलो, हे तुला कळायला हरकत नाही.

आता तुझ्या बीटवरच्या त्या करकरीबद्दल. जुन्या रेकॉर्डवर सुई फिरावी तशी ती ऐकू येते आणि तुला ती फार आवडते. ती करकर संगणकात आयती मिळते. मूळ आवाजातला खरबरीतपणा आला कुठून, तर 1987 साली निघालेल्या एसपी-1200 नावाच्या, आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रातून, ज्यात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावत असे. मुले काय करीत? मिनिटाला 33 फेऱ्यांची रेकॉर्ड 45 च्या वेगाने लावून तुकडा आत घेत, म्हणजे तो कमी जागेत बसे, आणि मग यंत्रावर त्याचा वेग पुन्हा उतरवत. या ओढाताणीत आवाज फाटे. ज्याला तू जुन्या काळाचा आत्मा म्हणतेस तो जागेच्या काटकसरीतून आला आहे. तशी करकर वापरू नकोस, असे मी म्हणत नाही. वापर, पण ती कुठून आली ते ठाऊक असू दे आणि कुणी तुझ्यासाठी बसवली त्याचे नाव घे.

आजचे रॅप मलाही सगळे आवडत नाही. पुष्कळसे तर दुसऱ्या मिनिटाला बंद करतो. परंतु माझ्या त्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्येही मागे नेऊन पुन्हा ऐकावे असे दोन-तीनच तुकडे असत, आणि 1994 म्हटले की नास या रॅपरच्या "इलमॅटिक" अल्बममधली दहा गाणी मला आठवतात, त्या वर्षाचा कचरा आठवत नाही. तुलना मग होते ती आमच्या निवडीची आणि तुमच्या ढिगाची. त्या गृहस्थांना तीन-तीन अक्षरांचा धावता ठेका खुपतो, जो मिगोस या अटलांटाच्या त्रिकुटाने 2013 मध्ये घरोघरी पोचवला. तोच ठेका मेम्फिसची थ्री सिक्स माफिया मंडळी 1990 च्या दशकात, म्हणजे त्यांच्याच लाडक्या दशकात, म्हणत होती. न्यूयॉर्कबाहेर कुणी रॅप म्हणत असेल हे आम्हा लोकांच्या गावीही नव्हते. आणि आजच्या ट्रॅप नावाच्या रॅपमध्ये छातीत घुमणारा तो खर्ज 1980 च्या रोलँड 808 या ताल वाजवणाऱ्या यंत्राचा आहे, ज्यावर 1982 चे "प्लॅनेट रॉक" हे गाणे उभे आहे, आणि त्या "प्लॅनेट रॉक" ची धून क्राफ्टवर्क या जर्मन मंडळींची. कुठून जुने सुरू होते आणि कुठे नवे, हे मला दाखव. मला कुठेही रेघ सापडत नाही; सापडतात ती घेणारी आणि देणारी माणसे, आणि त्यांची नावे.

एक गोष्ट मात्र खरोखर बदलली आणि ती प्रतिभेमुळे नाही. 1991 मध्ये बिझ मार्की या रॅपरने एका जुन्या गाण्याचा तुकडा परवानगीवाचून वापरला म्हणून न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटला झाला. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या "चोरी करू नकोस" या आज्ञेने केली. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी आणि पैसे मोजणे आले, आणि एका गाण्यात दहा-बारा रेकॉर्डचे तुकडे विणण्याची रीत श्रीमंतांनाही परवडेनाशी झाली, मग पोरांची काय कथा. डी ला सोल या रॅप मंडळींचा 1989 चा अल्बम याच गुंत्यामुळे मार्च 2023 पर्यंत अधिकृतपणे स्ट्रीमिंगवर ऐकायला मिळत नव्हता. तेव्हा तुमच्या पिढीला जुने ठाऊक नाही म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी, ते तुमच्यापर्यंत पोचू कुणी दिले नाही, हेही पाहावे. त्या निकालाबद्दल माझे मन दुभंगलेले आहे. बिझने नाव घ्यायला हवे होते, आणि न्यायालयाने नावाऐवजी फक्त परवानगी पाहिली.

तू विचारशील की नाव घेऊन काय मिळते. काही मिळत नाही. उलट अर्धे श्रेय जाते. आमच्या वेळी कॅसेटच्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले असे की हे गाणे कुणी बांधले, आत कुणाचा तुकडा आहे. दिव्याखाली धरून आम्ही ते वाचत असू आणि त्या नावांच्या मागे जुन्या जॅझपर्यंत पोचत असू. तुझ्या मोबाईलमध्येही ती नावे शोधली तर सापडतात, पण त्यासाठी तीन वेळा बोट लावावे लागते. लाव. पुढच्या महिन्याभरात जुने रॅप ऐकू नकोस, नवेही ऐकू नकोस. तुला आवडणारे एकच गाणे घे आणि त्यातला प्रत्येक आवाज कुणाकडून आला हे माग काढत जा. मधे कंटाळशील. मीही कंटाळलो होतो, म्हणूनच मी ते काम त्या माणसाकडून आयते घेतले.

तू त्याच्या हस्ताक्षरातली कॅसेट मागितली होतीस. ती पाठवत नाही. तिच्या कागदावर त्याने गाण्यांची नावे लिहिली आहेत, तारीख लिहिली आहे आणि खाली माझे नाव लिहिले आहे, "याच्यासोबत ऐकले" म्हणून. दुकान कधीच बंद झाले. त्याचा पत्ता मी दोनदा शोधला, सापडला नाही. तिसऱ्यांदा शोधला नाही.

तुझे नवे गाणे तयार आहे असे लिहिले आहेस. पाठव, पण आधीच्या बीटवाल्याचा पत्ता काढ, त्याला दोन ओळी लिही आणि त्याचे नाव मला कळव. मग ऐकतो.

तुझा,
काका