अर्लँग शिकू का, म्हणून विचारतोस

अर्लँग ही प्रोग्रॅमिंगची भाषा. शिक, पण नोकरीच्या आशेने नको. अंधेरी-पवईत जावाच्या जागा ढिगाने निघतात, अर्लँगची एखादीच. पोटापाण्याची भाषा वेगळी ठेव आणि ही संध्याकाळी शिक.

भाषा संपत आलीय असं म्हणतात, ते मला पटत नाही. 1986 मध्ये एरिक्सन या टेलिकॉम कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी तिचं काम सुरू झालं, 1998 मध्ये ती ओपन सोर्स झाली. व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर आणि प्रोग्रॅममधल्या मेसेजची ने-आण करणारं रॅबिटएमक्यू तिच्यातच लिहिलेत. अर्लँगसोबत येणाऱ्या लायब्रऱ्या-साधनांच्या संचाला ओटीपी म्हणतात; 2021 च्या ओटीपी 24 मध्ये जेआयटी (कोडचं थेट मशीनच्या भाषेत रूपांतर करून तो वेगात चालवणारी सोय) आलं, म्हणजे काम चालूच आहे. नवी मंडळी मात्र बहुतेक एलिक्झिर या भावंडभाषेमार्गे येतात. तूही तसाच ये, प्रोग्रॅम चालवणारी व्हर्च्युअल मशीन तीच आहे.

सिंटॅक्सवर फार वेळ घालवू नकोस. लॅपटॉपवर दोन टर्मिनल उघड, दोन नोड (अर्लँगच्या दोन स्वतंत्र चालू प्रती) चालू कर, एकाने दुसऱ्याला पिंग कर. ‘पाँग’ हे उत्तर आलं की पलीकडच्या नोडवर लक्ष ठेवणारा मॉनिटर लाव आणि तो नोड बंद पाड. ‘नोडडाउन’चा मेसेज साध्या मेसेजसारखाच दारात येतो. मग सुपरवायझर (पडलेली प्रोसेस पुन्हा उभी करणारी प्रोसेस) लिही, त्याच्या हाताखालची प्रोसेस मुद्दाम मार आणि ती नव्या पिडने (प्रोसेसच्या ओळख-क्रमांकाने) उभी राहताना बघ. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ओटीपी कळत नाही.

एक मर्यादा आधीच सांगतो. इथे प्रत्येक नोड बाकी सगळ्यांशी जोडला जातो. नोड वाढले की जोडण्या वर्गाच्या पटीत वाढतात, त्यामुळे हजारो नोडचा क्लस्टर आपोआप मिळेल असं समजू नकोस. दोन नोडमधलं नेटवर्क तुटलं तर कोणाचा डेटा खरा, तेही तुलाच ठरवावं लागेल.