वाचक विचारतात: ‘टेन्शनमुळे आहे’ म्हटलं की पेशंट चिडतो

प्रश्न: मी फॅमिली मेडिसिनच्या ज्युनियर डॉक्टरांना शिकवते. आमच्याकडे सात-आठ भाषा बोलणारे पेशंट येतात आणि त्यातले बरेच असे की वर्षभर अंग दुखतंय, चक्कर येते, छातीत जड वाटतं, सगळ्या तपासण्या झाल्या तरी काही सापडत नाही. मग ज्युनियर म्हणतो ‘टेन्शनमुळे आहे’, पेशंट चिडून निघून जातो आणि दुसरीकडे जाऊन तोच स्कॅन परत करून घेतो. आम्ही एक लेक्चरही ठेवलं, कुठल्या समाजात काय समजुती असतात वगैरे. स्लाइड्स छान होत्या, फरक शून्य. नेमकं शिकवायचं काय?

उत्तर: त्या स्लाइड्स आधी बाजूला ठेवा, खरंच. अशी यादी पाठ केली की ज्युनियर समोरच्या माणसाला काही विचारायच्या आधीच त्याच्या आडनावावरून सगळं ठरवून मोकळा होतो.

दुसरं म्हणजे ‘अमुक लोक मनाचं दुखणं शरीराचं म्हणून सांगतात’ हे आपण फार सहज बोलून जातो. 1999 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 14 देशांचा एक अभ्यास आला होता, त्यात डिप्रेशन असलेले 1146 पेशंट होते आणि त्यातले 69 टक्के डॉक्टरकडे फक्त शरीराच्या तक्रारी घेऊन आले होते. पण थेट विचारल्यावर मनाची लक्षणं नाकारणारे किती, तर 11 टक्के. म्हणजे बाकीचे सांगायला तयार होते, कोणीतरी विचारायला हवं होतं. आणि जिथे पेशंटला नेहमीचा ठरलेला डॉक्टर नव्हता तिथे हे फक्त शरीराचं बोलणं जास्त दिसलं. ओळख नसेल तर कोण कशाला मन मोकळं करेल! (आणि आपण तरी काय वेगळं बोलतो, काळजात धस्स होतं, हातपाय गळतात, पोटात गोळा येतो.) अर्थात कारण न सापडलेलं प्रत्येक दुखणं डिप्रेशनच असतं असं अजिबात नाही, ही चूक तुमचे ज्युनियर पटकन करतील, सांभाळा.

मग शिकवायचं काय, तर विचारणं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्येच साधे प्रश्न मांडलेत: तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे होतंय? तेव्हाच का सुरू झालं? यामुळे काय काय अडतंय? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पेशंटच्या मनात ‘माझ्या भावाला असंच झालं होतं आणि तो गेला’ असं असेल आणि आपण ‘रिपोर्ट नॉर्मल’ एवढंच म्हणत बसलो तर त्याच्या भीतीला आपण हातच लावलेला नसतो. डीएसएम-5 मध्येही, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, 16 प्रश्नांची अशी मुलाखत आहे, पण ज्युनियरने ती फॉर्मसारखी भरायला घेतली की संपलंच.

त्यानंतर समजावणं. इथे जुन्या ट्रेनिंगची गोची होती. पेशंटला हळूहळू ‘शरीराचं नाही, मनाचं आहे’ इकडे वळवायचं अशी पद्धत डॉक्टरांना शिकवली जायची. इंग्लंडमध्ये त्याची नीट चाचणी झाली, 2007 मध्ये निकाल आले, डॉक्टरांचं बोलणं सुधारलं पण पेशंटच्या तब्येतीत फरक नाही. मला वाटतं शरीर की मन हा वादच पेशंटला नको असतो, त्याला दुखतंय. डीएसएम-5 ने 2013 मध्ये ‘कारण सापडलं नाही’ ही अटच अशा शारीरिक लक्षणांच्या विकाराच्या निदानातून काढली, लक्षणाचा त्रास किती आणि माणूस त्यात किती अडकलाय ते बघा म्हणाले.

तेव्हा ज्युनियरना सांगा, ‘काही नाही’ हे दोन शब्द बंद. त्याऐवजी काय बिघडलंय ते सांगा, उदाहरणार्थ गाडीचा अलार्म जास्तच सेन्सिटिव्ह झाला की मांजर बसलं तरी वाजतो, तसं तुमच्या नसांचं झालंय, वेदना खरी आहे पण आतलं काही तुटत नाहीये. मग लगेच विचारायचं की तुमच्या घरी हे कसं सांगाल? तो जे शब्द वापरेल ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तेच वापरा. हे लेक्चरने येत नाही, रोल प्ले करा, पेशंटची परवानगी घेऊन व्हिडिओ काढा आणि सगळ्यांनी बसून बघा, स्वतःला पेशंटचं बोलणं तोडताना बघितलं की माणूस आपोआप गप्प बसायला शिकतो.

आणि पुढची तारीख देऊनच पाठवा, ‘वाटलं तर या’ नको. वजन कमी झालं, ताप राहिला, लक्षण बदललं तर नव्याने तपासायचं, फाइलवरचा जुना शेरा वाचून टाळायचं नाही.

प्रश्न: आईला इथली भाषा येत नाही म्हणून डॉक्टरांकडे मीच दुभाषी असते. ते म्हणाले ‘सांगा, हे मानसिक आहे’. मी आईला सांगितलं व्हिटॅमिन कमी आहे. चुकलं का?

उत्तर: तुमच्यावर ते काम टाकायलाच नको होतं. मुलीसमोर आई नवऱ्याबद्दल, पैशाबद्दल, रात्री झोप का लागत नाही याबद्दल काय बोलणार? पुढच्या अपॉइंटमेंटला ट्रेन्ड दुभाषी मागा, फोनवरचा असला तरी चालेल, आणि व्हिटॅमिनचं डॉक्टरांना आधीच सांगून टाका, नाहीतर आई गोळ्या मागेल आणि त्यांना कळणारच नाही कसल्या. तुम्ही बाहेर थांबा, थोडा वेळ तरी.